सकुबाईचं भारमान

टोकावड्याच्या दामू कंडक्टरच्या दारातल्या जास्वंदीसारखी जास्वंद त्या वर्षी मुरबाड तालुक्यात दुसरी नसावी. पानं तेल चोळल्यासारखी चकचकीत, फुलं वाटीएवढी. माळशेज घाटाकडे निघालेल्या गाड्यांतले लोक खिडकीतून मान वळवून बघत. शेजारची रखमी रोज सकाळी देवाला फुलं न्यायला यायची आणि विचारायची, "काय घालतेस गो हिला, सकू?"

"काय घालनार? भांड्यांचं पानी," सकुबाई म्हणायची आणि लगेच रखमीच्या गुडघ्याची चौकशी करायची. गुडघ्यावर बोलणं आलं की रखमीला जास्वंदीचा विसर पडत असे.

भांड्यांचं पाणी ती घालायची हे खरं होतं. त्या पाण्यात रोज एक लाल गोळी विरघळलेली असायची, हे मात्र तिनं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

गोळ्या लोहाच्या होत्या. त्या वर्षी आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावताना, सकुबाईला भर चिखलात चक्कर आली. उपकेंद्रातल्या सिस्टरनं बोट टोचून रक्त तपासलं. बारा पाहिजे ते सात भरलं. सिस्टरनं पुडकं भरून लाल गोळ्या हातात ठेवल्या. रोज जेवल्यावर एक.

सकुबाईनं चार दिवस इमानदारीनं घेतल्या. तोंडाला जुनं कुलूप चाटल्यासारखी चव यायची, पोटात गच्च व्हायचं आणि सकाळचं जे काम सहज व्हायला हवं त्याला अर्धा तास लागायचा. पाचव्या दिवशी तिनं गोळी तोंडाजवळ नेली आणि पदरात बांधली. टाकून द्यायला हात होईना. फुकट मिळाली तरी वस्तू ती वस्तू. सकाळी भांड्यांच्या पाण्याबरोबर ती जास्वंदीच्या बुंध्याशी गेली. जास्वंदीनं काही तक्रार केली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशीही तिलाच दिली. पुढं तो रिवाजच पडला.

दामू जेवण झाल्यावर हात पुसत विचारायचा, "गोली?"

"घेतली."

घंटी दिल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, ही त्याची बावीस वर्षांची सवय. तसंच हे विचारल्याशिवाय तो पान जुळवायला बसत नसे. गाडीतल्या पन्नास माणसांत बिनतिकिटाचा कोण, हे तो नुसत्या चेहऱ्यावरून सांगायचा. बायकोच्या चेहऱ्यावर मात्र त्याला काही दिसलं नाही, कारण तिथं त्यानं कधी तपासणी केलीच नव्हती.

असे पाच-सहा महिने गेले आणि आणखीही गेले असते. पण दिवाळीनंतर शेणव्याहून बातमी आली. दिपालीला चौथा महिना होता.

दिपाली ही त्यांची एकुलती एक लेक. वर्षापूर्वी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याला दिलेली. जावई शेखर आसनगावच्या एका कंपनीत कामाला होता. मुलगा गुणी होता आणि घर खाऊनपिऊन सुखी. सकुबाईनं बातमी ऐकली त्याच दुपारी ट्रंकेतून जुनी मऊ लुगडी बाहेर काढली. पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात विचारायचं काय? दुपट्यांना किती लुगडी लागतील, डिंक कुठून आणायचा, शेगडी कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, हे सगळं तिच्या डोक्यात दिवेलागणीपर्यंत ठरून गेलं होतं.

आठ दिवसांनी ती लाडवांचा डबा घेऊन शेणव्याला गेली. विहीणबाईंच्या ओट्याला तीन पायऱ्या. दुसरीवर पाय ठेवला आणि समोरचं दार डावीकडं सरकलं. सकुबाई मटकन तिथंच बसली. डबा मात्र थांबला नाही. तो पायऱ्या उतरून अंगणातून घरंगळत गोठ्यापर्यंत गेला आणि म्हशीनं पहिला लाडू खाल्ला.

विहीणबाई रंभाबाई आवाजानं दणदणीत आणि अंगानंही भरभक्कम. मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी सकुबाईला धरून आत नेलं, गूळपाणी दिलं, पंख्यानं वारा घातला आणि मग जे बोलायचं ते बोलून टाकलं.

"विहीनबाई, राग धरू नका. पन बालंतीन सांभालायची म्हंजे दिवसभर उभं रावाचं काम. तुमालाच कोन तरी धरायला पायजे. पोरीचं आमच्याकडंच होऊ द्या."

"मला काय धाड भरलीय? उन्हाचं चालत आले म्हनून झालं."

"मंग डॉक्टरचा कागद दाखवा. कागद चांगला आला की सातव्यात मी सोता आनून सोडीन तिला. वाजतगाजत!"

निघताना दिपाली फाटकापर्यंत आली. सासरी आल्यापासून ती मोजकं बोलायला शिकली होती. तिनं आईच्या हाताचं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं.

"आये, मला तुझ्याकडंच यायचंय."

"येशील ना. कागदच आनायचाय. त्यात काय?" सकुबाई म्हणाली. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं.

दामूनं सुट्टीचा दिवस धरून तिला मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त घेतलं. तास-दीड तासानं आकडा आला, सातच.

"जूनपासून गोळ्या घेऊनही सातच?" बाई म्हणाल्या. "रोज घेताय ना, सकुबाई?"

सकुबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली. उत्तर दामूनं दिलं. "एक दिवस चुकली नाय, बाई. मी सोता इचारतो रोज."

"मग गोळी जाते कुठे, तेच बघावं लागेल. लोहाची तपासणी करू." बाईंनी पॅडवर चौकोन काढले. "लोह रक्तात आपलं आपण हिंडत नाही. त्याला न्यायला वाहनं असतात. एका तपासणीत कळतं, सगळ्या वाहनांत मिळून जागा किती आहेत. दुसरीत कळतं, त्यातल्या किती जागांवर लोह बसलंय."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेला दामू ताठ झाला. "म्हंजे भारमान!"

"काय?"

"भारमान, बाई. गाडीत जागा चव्वेचालीस, मानसं बावीस, तर भारमान पन्नास टक्के. आमी एसटीवाले उठताबसता तेच बोलतो."

"अगदी तेच," बाई हसल्या. "चांगल्या तब्येतीच्या बाईचं साधारण तीसेक टक्के असतं."

"तीस? तीस टक्के भारमान आलं तर आमचा म्यानेजर घरी पाठवंल!"

"शरीर म्हणजे महामंडळ नाही हो. रिकाम्या जागा त्याला लागतात. पण पंधराच्या खाली गेलं की लोह कमी पडलं समजायचं. आणि लोह कमी पडलं की शरीर वाहनं कमी करत नाही, उलट जास्त सोडतं."

"पॅसेंजर नाय तरी?"

"पॅसेंजर नाही म्हणूनच. कुठे एखादा उभा असला तर तो सुटायला नको."

दामूनं मान डोलावली. एवढी शहाणी व्यवस्था आपल्या बायकोच्या अंगात आहे आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"आठ दिवस गोळी पूर्ण बंद," बाईंनी बजावलं. "ताजी गोळी रक्तात लगेच दिसते आणि आकडा फसवा येतो. सकाळी उपाशीपोटी या. पाणी चालेल, दुसरं काही नाही."

बाई याच्यापुढेही बरंच बोलल्या. पण 'ताजी गोळी रक्तात लगेच दिसते' एवढं एकच वाक्य सकुबाईनं पदराला गाठ मारून घरी नेलं.

तिच्या हिशेबी तपासणी म्हणजे तयारी करायची गोष्ट. शाळेत मोठे साहेब यायचे असले की गावातल्या बाया आदल्या दिवशी वर्ग सारवून देत. रस्त्यावर तपासणी पथक उभं असल्याची कुणकुण लागली की दामू शर्टाचं वरचं बटण लावत असे. तपासणीला जसं असेल तसं उभं राहायचं, ही कल्पनाच तिला अशिष्ट वाटली. शिवाय तिला भीती होती. यंत्राला सगळं दिसत असेल, तर सहा महिन्यांतलं शून्यही दिसणार. दिसलं की कागद वाईट, आणि कागद वाईट आला की दिपालीचं बाळंतपण शेणव्याला.

दामूनं त्याच दिवशी गोळ्यांचं पुडकं काढून फळीवरच्या पितळी डब्यात ठेवलं आणि डब्यावर तांब्या उपडा घातला, म्हणजे हात लागला तर आवाज होईल. सकुबाईनं ते कौतुकानं पाहिलं. तिचं दुसरं पुडकं तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली होतं. जास्वंदीला अपचन होऊ नये म्हणून तिनं मध्ये काही दिवस ते राखून ठेवलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी जेवणानंतर तिनं दोन घेतल्या. सकाळी चूल पेटवायच्या आधी चार. पाण्याबरोबर घेतल्या, कारण पाणी चालेल असं बाईंनीच सांगितलं होतं.

सहाच्या गाडीत बसल्यावर पोटात ढवळायला लागलं. तोंडात अख्खं कुलपांचं दुकान उघडलं होतं.

"उपाशी हायस म्हनून होतंय," दामू म्हणाला. "जरा दम धर. रक्त दिलंस की वडापाव घेऊ."

वडापावचं नाव काढताच सकुबाईनं खिडकी उघडली.

मुरबाडला बाईंच्या दवाखान्यात रक्त घेतलं. ही तपासणी तिथं होत नव्हती, नमुना कल्याणला जायचा. मुरबाडहून कल्याणला जे काही जायचं ते बहुतेक एसटीनंच जायचं, आणि त्या दिवशी कल्याणच्या गाडीवर ड्युटी होती दामूची. बर्फ घातलेल्या थर्मासात सकुबाईच्या रक्ताच्या नळ्या ठेवून बाईंनी तो त्याच्याच हातात दिला. पुढं काय झालं ते रखमीनं गावभर सांगितलं, कारण ती बहिणीकडे निघालेली, त्याच गाडीत होती. दामूनं थर्मास आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी मंत्री बसल्यासारखी हळू हाकायला ड्रायव्हरला सांगितलं. गाडी गच्च भरली होती. एक जाडजूड गृहस्थ थर्मास उचलून बसायला लागले, तसा दामू ओरडला, "ओ शेठ, उठा! तिथं माजी बायको बसलीय!"

गृहस्थांनी सीटकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं, दामूकडे पाहिलं, आणि कल्याणपर्यंत ते दांडा धरून उभे राहिले.

कागद चौथ्या दिवशी आला. नेमकी त्याच दिवशी दिपालीची तपासणी होती, आणि रंभाबाई तिला घेऊन याच डॉक्टरीणबाईंकडे आल्या होत्या. शेणव्याकडचे लोक मुरबाडला बाजाराला येतात, तसा त्यांनी बाजारही उरकला होता. सकुबाईला बाकावर दोन वांग्यांच्या पिशव्या आणि विहीणबाई दिसल्या. कागद ऐकायला आणखी माणसं नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण मग वाटलं, ऐकू देत की. चांगला कागद चारचौघांतच ऐकावा. ती पदर सावरून बसली.

बाईंनी लिफाफा उघडला. वाचला. पुन्हा वाचला.

"गोळी बंद होती ना आठ दिवस?"

"डब्यात, फळीवर, वर तांब्या!" दामू म्हणाला.

"मग हे जरा विचित्र आहे. भारमान अठ्ठ्याऐंशी टक्के."

"अठ्ठ्याऐंशी!" दामूनं विहीणबाईंकडे पाहिलं. पहिल्या वर्गात पास झाल्यासारखी सकुबाई हसली. रंभाबाईंनीही "वा!" म्हटलं.

"वा नाही," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "हिमोग्लोबिन सात आहे. म्हणजे रक्तात लोहाच्या गाड्या भरून चालल्यात आणि रक्त तर तयार होत नाहीये. माल दारात उभा आहे आणि कारखाना तो उतरवून घेत नाही, असा याचा अर्थ होऊ शकतो. रक्ताचा कारखाना असतो हाडांच्या आत. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेऊन हाडातला मगज काढून तपासावा लागेल. मी चिठ्ठी देते."

रंभाबाईंनी वांग्यांची पिशवी खाली ठेवली.

सकुबाईला पहिल्यांदा कळलं की कागद फार चांगला आणण्याच्या नादात तिनं तो भलताच वाईट आणला होता. तरी तिनं तोंड उघडलं नाही. मुंबईला जाऊ, मगज काढतील तर काढू देत, तिथं काही सापडणार नाही, मग सगळं आपोआप मिटेल. असा विचार तिनं केला खरा.

दामू मात्र कागदावर वाकला होता. त्यातली अक्षरं इंग्रजी होती, पण आकडे सगळ्या डेपोंत सारखेच असतात.

"बाई, हा चारशे बहात्तर काय?"

"एकूण जागा. जास्त आहेत."

"म्हंजे गाड्या जादा सोडल्यात. तुमी बोलला व्हता, पॅसेंजर नसला की शरीर गाड्या जादा सोडतं."

"हो."

"म्हंजे रस्ता रिकामा व्हता."

"असायला हवा."

"आनि तरी सगल्या गाड्या गच्च." दामूनं कपाळ खाजवलं. "असं आमच्याकडं वर्सातून एकदा होतं, बाई. म्हशाच्या जत्रेला. पौषात म्हसा गावात बैलबाजार भरतो, तवा जादा गाड्या सोडतो आमी आनि सगल्या भरून जातात, टपावर पन मानसं. पन त्या दिवशीचा आकडा बघून कोन बोलला की ह्या रस्त्याला रोज असाच पॅसेंजर हाय, तर तो येडा. जत्रा उठली की पुन्ना कावलं नाय गाडीत."

तो हे अगदी निर्मळ मनानं बोलत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सकुबाईकडे पाहिलं.

"सकुबाई, त्या दिवशी सकाळी तुमच्याकडे जत्रा होती का हो?"

सकुबाई पुन्हा घड्याळाकडे बघणार होती. पण मनगटाला काहीतरी गार लागलं. शेजारी बसलेल्या दिपालीनं तिचा हात धरला होता. दिपालीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आये, तुला काय झालंय?"

त्यावर खोटं बोलणं सकुबाईला जमलं नाही.

"काय नाय झालं गो. नको लिवू चिठ्ठी, बाई. कारखाना बंद नाय. मीच सकाली चार घेतल्या."

"चार काय?"

"गोल्या. आदल्या दिशी दोन आनि सकाली चार. कागद चांगला यावा म्हनून."

"आणि त्याच्या आधीच्या? सहा महिन्यांच्या?"

सकुबाईनं पदर तोंडाला लावला. पदराआडून आवाज आला, "जास्वंदीला."

दामूचा चेहरा, आपल्याच गाडीत आपल्याच सासऱ्याला बिनतिकिटाचा पकडल्यासारखा झाला होता.

"मी रोज इचारत व्हतो!"

"इचारत व्हतात. बघत कुठं व्हतात?"

इतक्यात रंभाबाईंच्या बाजूनं एक चमत्कारिक आवाज आला. त्या तोंड दाबून हसत होत्या आणि बाक हलत होतं. डोळे पुसत त्या सकुबाईच्या कानाशी वाकल्या, पण त्यांची कुजबुजही दणदणीत असल्यामुळं ती बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेली.

"जास्वंदीला मानवल्या का हो? आमच्या लिंबूला नाय मानवल्या. जलून गेलं झाड."

"तुमी पन?"

"गेल्या साली सिस्टरनं दिल्या व्हत्या. कोन खातंय!"

"आनि मला तुमी दोघी रोज सांगता, गोली खा म्हनून!" दिपाली म्हणाली. तिच्या गालांवर रंग परत आला होता.

"तू तरी घेतेस ना?" डॉक्टरीणबाईंनी घाईनं विचारलं.

"घेते, बाई. आमच्या दारात आता झाड कुठं ऱ्हायलंय?"

बाईसुद्धा हसल्या. मग मात्र त्यांनी सकुबाईला चांगलं फैलावर घेतलं. एकदम इतक्या गोळ्या म्हणजे थट्टा नव्हे. लहान मूल असतं तर जिवावर बेतलं असतं. पोटाला त्रास होतो तर तसं सांगायचं, त्यावर उपाय असतो. गोळी भरल्या पोटी घ्यायची, वर लिंबू पिळून पाणी. जेवल्यावर तासभर चहा नाही. महिन्याचे दिवस फार लांबतात त्यावर वेगळं औषध, पोटातल्या जंतांवर एक गोळी आणि शेतात जाताना पायात चप्पल. सकुबाईनं सगळ्याला मान हलवली. चहाशी आल्यावर ती जरा थांबली, पण तिथंही हलवली.

आठ दिवसांनी खरोखरीच्या उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं. थर्मास पुन्हा दामूच्या शेजारी बसून कल्याणला गेला. या वेळी भारमान आलं सहा टक्के.

"सहा!" दामूला इतका आनंद झाला की तो आकडा त्यानं डेपोत पेढ्यासारखा वाटला. मगज बिगज काही नको, लोहच कमी आहे, साधी गोळी बस्स आहे, असं बाईंनी सांगितलं होतं.

पण आता तो नुसतं विचारायला तयार नव्हता. जेवण झालं की तो समोर पाट टाकून बसायचा, लिंबूपाण्याचा पेला पुढं करायचा आणि गोळी घशाखाली उतरल्याची खात्री झाली की खिशातून तिकिटाचा पंच काढून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेला टक्कन भोक पाडायचा. जत्रेच्या ड्युटीला तो सलग तीन दिवस घरी आला नाही, तेव्हा जुना पंच रखमीकडे देऊन गेला. रखमीनं तीन भोकं पाडली, आणि कौतुकानं एक जास्तीचं, सणाच्या चित्रात. पोट दुसऱ्या आठवड्यापासून कुरकुरायचं थांबलं. चहाचं दुःख मात्र टिकलं.

पुष्कळ वर्षांनी, सकुबाई नसलेल्या घरात, दिपालीला ते कॅलेंडर ट्रंकेच्या तळाशी मिळालं. खिडकीसमोर धरलं तर तारखांमधून उजेडाचे ठिपके समोरच्या भिंतीवर पडत होते. तिनं ते पाहिले. फेब्रुवारीपर्यंत एकही दिवस सुटला नव्हता.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन आलं पावणेअकरा आणि भारमान बावीस. सकुबाईनं तो कागद स्वतः शेणव्याला नेला. ओट्याच्या तीनही पायऱ्या चढून वर गेली, आणि मगच बसली. रंभाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा धरला, पायऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगला हाय."

शब्दाला त्या पक्क्या निघाल्या. सातव्या महिन्यात ओटी भरून त्या दिपालीला घेऊन मुरबाडला उतरल्या, आणि तिथून टोकावड्यापर्यंत दामूच्याच गाडीनं आल्या. दिपालीला त्यानं थर्मासच्या सीटवर बसवलं. वाजंत्री मिळाली नव्हती, म्हणून टोकावडं दिसायला लागल्यापासून थांब्यापर्यंत तो घंटीची दोरी ओढत राहिला. ड्रायव्हर आधी थांबू लागला, मग निघू लागला, शेवटी त्यानं वैतागून भोंगा दाबून धरला. अशा रीतीनं लेक वाजतगाजत माहेरी आली.

सकुबाई थांब्यावर उभी होती. दिपालीची पेटी तिनं कोणाला हात लावू दिली नाही. डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागली.

"अवो, हलू!" रंभाबाई मागून धापा टाकत ओरडल्या. "आता मलाच कोन तरी धरा!"

दारात आल्यावर त्या थबकल्या. ज्या जास्वंदीची एवढी कीर्ती ऐकली होती, ती अगदीच केविलवाणी दिसत होती. पानं पिवळी, आणि शेंड्याला दोन फुलं, बटणाएवढी.

"हिला काय झालं?"

"पॅसेंजर दुसऱ्या गाडीनं गेला," दामू म्हणाला.

सकुबाईनं पेटी ओट्यावर उतरवली, तांब्याभर पाणी दिपालीच्या पायांवर घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पानं वाढायला घेतली. जेवणं झाली, तशा रंभाबाई भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "आता घोटभर चा टाका, विहीनबाई."

सकुबाईनं घड्याळाकडे पाहिलं. मग तिनं पुडक्यातून दोन गोळ्या काढल्या, एक आपल्या तळहातावर ठेवली आणि दुसरी रंभाबाईंच्या पुढं धरली.

"चा तासाभरानं," ती म्हणाली. "आदी ही घ्या. माजी जास्वंद आता काय घेनार नाय."

दामूनं खिशातून पंच काढला.